पान्याची जागा

विमानाचा उघडलेला पंख पत्रा लावून बंद करण्याआधी हत्यारांच्या फळीवरचं प्रत्येक हत्यार आपल्या रंगवलेल्या आकृतीवर परतलंच पाहिजे, हा बाबांचा नियम. चंद्रपूरच्या छोट्या संग्रहालयासाठी पासष्टच्या युद्धातलं विमान हौसेनं दुरुस्त करणाऱ्यांतले ते एक. एक पाना सापडेना, म्हणून ते अडून बसले. ‘तुम्हीच भंगारात विकला असन, भाऊ,’ प्रमुख देवतळे सगळ्यांसमोर म्हणाला. बाकीचे बसल्या जागी आपलं काम करत राहिले. त्यांना हाकलून देवतळेनं पंख बंद केला. महिन्याभरात बाबा वारले. आज उद्घाटनाला त्यांची मुलगी बोलावणं नसताना आली. पाहुण्यांसमोर विमान ढकलताच पंखात लोखंड खणखणलं. ढकलणारे हात थबकले. ‘थांबले काऊन?’ देवतळे ओरडला. फळीवर पान्याची आकृती रिकामीच होती. तिनं शेजारचा पेचकस त्याच्यापुढे धरला. ‘उघडा.’ ‘नंतर पाहू, बाई, लोकं बसून आहेत.’ ‘माह्या बाबाले चोर म्हटलं, तवाही लोकं बसूनच होते.’