राखणदार

नवऱ्याचे मामा दर रविवारी न सांगता टपकायचे, शिवणयंत्राशेजारी ठाण मांडायचे आणि तिच्या टाक्याटाक्याला नावं ठेवायचे. मांजर आडवं गेलं की मात्र हा माणूस निमूट माघारी फिरायचा. म्हणून तिनं जिन्याखालचं काळंकुट्ट भटकं पिल्लू उचललं आणि घरीच पाळलं.

"मांजर कशाला गं?" नवऱ्यानं विचारलं.

"राखणीला!"

रविवारी मामा आले, तेव्हा राखणदार चिंध्यांच्या ढिगात घोरत पडला होता. पोटभर नावं ठेवून मामा एकदाचे उठले, चपला घातल्या, आणि पिल्लू शेपटी उभारून ऐटीत त्यांच्यासमोरून आडवं गेलं.



मामांनी चपला काढल्या. "सूनबाई, आता जातो कसला! माझं अंथरूण टाक."