हात न लावता वाजणारी पेटी

गौरांगने, माझ्या लेकाने, इथे ड्रेस्डेनच्या जुन्या बाजारातून विजेची एक पेटी आणली. फार जुनी, म्हणे अशी पहिलीवहिली. पट्ट्या नाहीत, भाता नाही, नुसती एक दांडी. हात जवळ नेला की गळा काढते, लांब नेला की आवाज उतरतो. झाकणाच्या आत ती बनवणाऱ्याचा फोटो चिकटवलेला. म्हातारा हवेत मूठ धरून उभा.

"हा कुणाची दृष्ट काढतोय का?" मी म्हटलं. माझ्या बोलण्यावर कधी न हसणारी सून, शमिका, तीसुद्धा हसली.

त्याच आठवड्यात नातू वेद तापाने फणफणला. ताप उतरेना. डॉक्टरीणबाई म्हणाली, पाणी पाजा. एवढं सांगायला शिकली! शेवटी दुपारी मीच मीठ-मोहऱ्या मुठीत घेऊन त्याच्यावरून उतरवल्या. पेटी पलंगाशेजारीच, आतले दिवे तापायला वेळ लागतो म्हणून गौरांगने चालू ठेवलेली. माझी मूठ फिरेल तसा तिचा आवाज चढे, उतरे.

मग मी स्वयंपाकघरात गेले. इथे निखारे कुठले? तव्यावरच मूठ रिकामी केली.

बाथरूममधून गौरांग ओरडला, "आई, पुरे आता! किती वेळ फिरवतेस?"

"मी कधीची इथे शेगडीपाशी आहे रे!"

बाथरूममधला नळ बंद झाला. पेटी झाली नाही. आवाज चढत होता, उतरत होता.

मी धावले. खोलीत वेद एकटाच. डोळे सताड उघडे, आणि नजर त्याच्या डोक्यावरच्या रिकाम्या हवेत गोल गोल फिरत होती.

मी जशी मूठ फिरवली होती, त्याच्या उलट दिशेने.