उधाणाचा सोमवार

कारखानीस सर वर्गात शिरले आणि रिकाम्या बस्करपट्ट्या पाहून त्यांनी चष्मा काढून पुसला. चष्मा पुसून मुलं थोडीच उगवणार होती!

"फिलोमिनाबाई, विद्यार्थी कुठे आहेत?"

"बंदरावर, सर. आज पौर्णिमा. उधाण आहे."

फिलोमिना पाचूबंदरच्या शाळेत शिकवत होती आणि एका लहानशा विद्यापीठातून शालेय प्रशासनाचं एम.एड. करत होती; कारखानीस सर तिचे मार्गदर्शक. तिच्या प्रबंधाचं म्हणणं सरळ होतं. उधाणात होड्या भरून येतात, मासळी निवडायला घरातली पोरंसोरं लागतात. अष्टमीच्या भांगाला पाणी मंदावतं; जाळी रिकामी, पोरंही रिकामी. तेव्हा इथल्या शाळेने सुट्ट्या वार पाहून नव्हे, पाणी पाहून द्याव्यात. अष्टमीला या आणि पौर्णिमेलाही या, दोन्ही पाहिलंत तरच पटेल, असं तिने सरांना परोपरीने कळवलं होतं. सरांना सवड झाली ती या एका सोमवारची.

"रिकाम्या खोलीचं निरीक्षण काय लिहू मी? बाहेरचे परीक्षक हसतील."

"सर, खोली रिकामी आहे हेच तर माझं म्हणणं आहे."

"म्हणणं कागदावर शोभतं, बाई. तासाभरासाठी तरी मुलं आणा. नाहीतर हा विषय सोडा."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. पण दोन वर्षांची मेहनत सरांच्या एका सहीवर लटकली होती. अडला हरी म्हणतात, तशी ती मुकाट्याने बंदरावर गेली.

वाळूत जवळ्याचे, बारीक कोळंबीचे, ढीग पडले होते. मासळी निवडणाऱ्या धोंडूबाईचे हात चालूच होते.

"पानी काय तुज्या सराची वाट बगंल, बाय? उनात म्हावरा नासंल."

मग तिने मान वर करून फिलोमिनाचा चेहरा पाहिला आणि लुगड्याला हात पुसले.

"तुजी परीक्षा हाय ना? मंग ने. उठा रं पोरांनो, बाईचं काम हाय."

हाक या ढिगावरून त्या ढिगावर गेली. ज्या बायांनी आजवर उधाणात एक पोर शाळेत धाडलं नव्हतं, त्यांनी सगळी धाडली. फिलोमिनाला रडू फुटलं. मायेचं की संतापाचं, तिचं तिलाच कळेना.

वर्ग गच्च भरला. सरांनी पाढे विचारले, कविता म्हणवून घेतली. मुलांनी बाईंची लाज राखली, कुणी अडखळलं नाही. बंदराच्या बाजूने कावळ्यांचा कलकलाट वाढत चालला होता. सरांनी टिपण केलं आणि खुशीत हसले.

"पाहिलंत? बोलावलं की येतात मुलं. उधाणाचा काही संबंधच नाही. तुमचे प्रयत्न कमी पडत होते, एवढंच. पण वर्ग छान तयार केलाय हो. चला मुलांनो, बाईंसाठी टाळ्या."

जवळा चिकटलेल्या हातांनी मुलांनी टाळ्या वाजवल्या.