छपाई पूर्ण झाली

“हेही भरून टाक,” असं म्हणत मावशीने खुर्चीजवळचा कागदांचा गठ्ठा पायानेच पुढे ढकलला. हात तिने शालीत गुंडाळून ठेवले होते.

भाचा खोके बांधायला आला होता. मावशीची सगळी ब्रेल पुस्तकं अंधशाळेला द्यायची होती आणि गाडी थोड्याच वेळात येणार होती. पन्नाशीत दृष्टी गेली तेव्हा मावशी हट्टाला पेटून ब्रेल शिकली होती. जन्मभर मास्तरकी केलेल्या बाईने पुन्हा पहिल्या अक्षरापासून गिरवायला सुरुवात केली होती. आणि आता तीच म्हणत होती की वाचून वाचून कंटाळा आला. यावर कोण विश्वास ठेवणार?

स्वयंपाकघरात काकांनी खरं काय ते हळूच सांगितलं. मावशीची बोटं गेली होती. साखरेचा आजार एक दिवस बोटांची जाणही नेईल, असं डॉक्टरांनी बजावलंच होतं. तू पाठवतोस ती पानं तिच्या बोटांना गेले काही महिने लागतच नाहीत, काका म्हणाले. जुन्या पुस्तकांना तर ती हात लावायलाही घाबरते, तीही लागली नाहीत तर काय, म्हणून. तुला यातलं काही सांगायचं नाही, अशी तिने ताकीद दिली होती. पोराने एवढं करून दिलं आणि माझीच बोटं दगा देतात, याची तिला लाज वाटत होती.

दर रविवारी तो तिला एखादी गोष्ट पाठवायचा. काका बटण दाबायचे, यंत्र खडखड करत कागदावर ठिपके उठवायचं, आणि मग फोनवर मावशी म्हणायची, “छान होती.” हे सगळं चालायचं ते त्याने लिहिलेल्या प्लगइनवर, म्हणजे कॉम्प्युटरला जोडून दिलेल्या एका छोट्या पुरवणीवर. त्याचं त्याला कोण कौतुक! ऑफिसात चारचौघांना सांगून झालं होतं.

बाहेर येऊन त्याने तो गठ्ठा उचलला. कामापुरती ब्रेल त्याला डोळ्यांनी वाचता यायची. वरचं पान पाहिलं, खालचं पाहिलं, मग मधलं ओढून पाहिलं. ठिपकेच ठिपके, पण अक्षर एकही जुळेना. बोटं असोत की डोळे, हे कुणालाच वाचता आलं नसतं.

कॉम्प्युटर उघडायच्या आधीच त्याच्या लक्षात आलं. अक्षरांचे ठिपके करायचं खरं काम त्याचं प्लगइन करतच नव्हतं. ते करायचा दुसऱ्याच कुणी लिहिलेला एक तयार प्रोग्रॅम. पूर्वी तो प्लगइनसोबतच जायचा. मग आकार फार वाढतो म्हणून एका अपडेटमध्ये भाच्याने तो काढून टाकला. ज्याला हवा त्याने वेगळा घ्यावा. त्याच्या स्वतःच्या मशीनवर तो होताच, त्यामुळे तिथे सगळं सुरळीत. इथला मात्र अपडेटने पुसून टाकला होता, आणि इथे वेगळा घेणार कोण? काका? बरं, तो प्रोग्रॅम सापडला नाही तर काय करायचं, तेही यानेच ठरवलेलं. म्हाताऱ्या माणसांना एरर दाखवून उगाच घाबरवू नये. अक्षरं जशीच्या तशी यंत्राकडे पाठवावीत आणि पडद्यावर म्हणावं, ‘छपाई पूर्ण झाली.’ केवढी ती काळजी.

लाजेने त्याचे कान तापले. नसलेला प्रोग्रॅम आणून बसवायला चहा गार होण्याइतकाही वेळ लागला नाही. आता गुपचूप एक चांगलं पान काढून दिलं असतं तर मावशीला वाटलं असतं, डॉक्टरांच्या गोळ्यांचाच गुण आला. काका खूश, डॉक्टरही खूश. हा विचार त्याच्या मनात आला, आणि चांगला टेकून बसलाही. त्याची त्याला आणखी लाज वाटली.

तोंडाने सांगावं तर ती म्हणणार, समजूत काढतोयस. शेवटी त्याने तीनच ओळी टाइप केल्या. मावशी, तुझी बोटं चांगली आहेत. पानंच चुकीची होती. चूक माझी होती. यंत्र खडखडलं.

पान मांडीवर ठेवलं तेव्हा तिने नेहमीसारखी मान हलवली. ठेव, वाचते सावकाश, म्हणाली.

“आत्ता वाच,” भाचा म्हणाला.

मग शालीतून हात बाहेर आले. बोटं कागदाच्या कडेला घुटमळली, पहिल्या ओळीवर चढली आणि तिचे ओठ हलू लागले. शेवटच्या ओळीपर्यंत जाऊन बोटं परत वर आली आणि पुन्हा पहिल्यापासून निघाली. भाचा खाली मान घालून उभा होता.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. काका दोरीचं बंडल घेऊन दारात आले. नवीन गोष्ट आली वाटतं, कशी होती, असं त्यांनी आपलं सहज विचारलं.

“अजिबात छान नाही,” मावशी म्हणाली. “अहो, ते खोके सोडा.”