ह्यांची शंका

बायकोने वाचलं, तो अंजिराचा हंगाम नव्हता, आणि तरीही झाडावर फळ सापडलं नाही म्हणून प्रभूने त्याला शाप दिला. एवढं वाचून ती थांबली. शिवणयंत्र मात्र थांबलं नाही. शिंप्याने मान वर न करता पाय आणखी जोरात चालवला आणि कोटाच्या अस्तराची लांबलचक शिवण तशीच पुढे रेटली.

आजवर असं कधी झालं नव्हतं. रोज संध्याकाळी दुकानाचं दार अर्धं लोटून घेतलं की ती कापडाच्या गठ्ठ्यावर बैठक मारायची आणि शास्त्रातला, म्हणजे बायबलातला, एक अध्याय मोठ्याने वाचायची. शिंप्याला चर्चची फारशी ओढ नव्हती. रविवारी तो तिला दारापर्यंत पोचवायचा आणि बाहेरच्या बाकावर पेपर वाचत बसायचा. पण संध्याकाळचं हे वाचन त्याने कधी चुकवलं नाही. एखादी ओळ खटकली की त्याचं यंत्र थांबायचं. "अगं, पण," असं तो म्हणाला की तिला कळायचं, आता गाडी अडली. मग दोघांचं असं काही जुंपायचं, की शेजारच्या न्हाव्याला वाटायचं, लागलं आज नवराबायकोचं.

आणि आज तर अंजिराचं झाड आयतंच समोर आलं होतं. हंगामच नाही तर बिचाऱ्याने फळ आणायचं कुठून? प्रश्न अगदी जिभेच्या टोकावर आला होता. शिंप्याने तो गिळला, कारण दुपारी मेहुणा येऊन गेला होता.

मेहुणा चर्चचा कारभार बघायचा. माणूस सरळ, धाकट्या बहिणीवर जीव टाकणारा. बाहीचं माप देता देता तो म्हणाला होता, "दाजी, रागावू नका, पण तुमच्या शंकांनी आमची पोर हैराण झालीय. दर रविवारी पाळकसाहेबांना गाठते. 'ह्यांची एक शंका आहे' म्हणते आणि तिथून हलत नाही. परवा ते तुमचं ईयोबाचं ऐकून पाळकसाहेबही गप्प झाले. ईयोबाला देवाने पुढे दुसरी मुलं दिली, पण आधीची मेली त्यांचं काय, असं विचारलंत ना तुम्ही?"

शिंप्याला असं काही विचारल्याचं आठवेना. पण इतक्या वर्षांत इतकं बोलून झालं होतं, विचारलंही असेल. तो नुसता हसला.

"तिचा विश्वास हाच तिचा आधार आहे," मेहुणा कोट उतरवत म्हणाला. "तो एकदा उसवला तर तुम्हालासुद्धा शिवता यायचा नाही."

हे मात्र शिंप्याच्या काळजाला लागलं. सकाळी बायको प्रार्थना करून उठायची तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे समाधान असायचं, ते त्याला फार आवडायचं. आपल्याला ते जमत नाही याचं त्याला कधी वाईट वाटलं नव्हतं. घरात एकाकडे आहे, तेवढं पुरे, असा त्याचा हिशोब. आपल्या चौकस जिभेपायी तेच जाणार असेल, तर तोंडालाच टाका घातलेला बरा.

बायकोने अंजिराची ओळ पुन्हा वाचली, जरा सावकाश. यंत्र चालूच. तिने ती तिसऱ्यांदा वाचली आणि त्याच्याकडे बघत राहिली. शेवटी उठून तिने यंत्राच्या चाकावर हात ठेवला.

"बरं वाटत नाहीये का तुम्हाला?"

"मला काय झालंय? छान वाचतेयस. पुढे वाच."

"छान? भलत्या वेळी फळ मागितलं, ते नाही म्हणून झाड मुळापासून वाळलं, आणि तुम्हाला छान वाटतं?"

तिचा आवाज चढला होता. त्याने चष्मा काढला, पुसला आणि दुपारचं सगळं सांगून टाकलं.

"यापुढे मी काही विचारणार नाही," तो म्हणाला. "माझं काय, मी असाच. तुझं आहे ते नीट राहू दे."

बायको परत गठ्ठ्यावर जाऊन बसली. रागावली असेल असं त्याला वाटलं, पण ती हसू दाबत होती.

"ईयोबाची शंका तुमची नव्हती," ती म्हणाली. "माझी होती. आणखीही पुष्कळ माझ्याच होत्या. तुमच्या नावावर खपवल्या."

शिंप्याने चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

"लहानपणी एकदा बाबांना असंच काहीतरी विचारलं होतं मी. दिवसभर घरात कोणी माझ्याशी बोललं नाही. तेव्हापासून तोंडच उघडत नाही माझं. पण विचारल्याशिवाय मला विश्वासही ठेवता येत नाही हो. मनात दाबून प्रार्थनेला बसलं की खोटं खोटं वाटतं. तुम्ही विचारता, आपण भांडभांड भांडतो, मग सकाळी मला नीट गुडघे टेकता येतात."

"मग मला कधी सांगितलं नाहीस ते?"

"न सांगताच विचारत होतात की तुम्ही."

दुपारपासून छातीवर ठेवलेलं ओझं कोणीतरी उचलून नेल्यासारखं शिंप्याला वाटलं.

"तुझ्या दादाला हे कळलं तर कपाळावर हात मारून घेईल," तो म्हणाला.

"दादाला कशाला कळायला हवंय? तुमचं स्थळ त्यानेच तर आणलं होतं. मुलगा कष्टाळू आहे म्हणाला, निर्व्यसनी आहे, पण एक आधीच सांगून ठेवतो, शास्त्र उघडलं की नुसत्या शंका काढतो." पान शोधता शोधता ती म्हणाली, "मी तिथल्या तिथे हो म्हटलं."