तिसरा कोयता

ऊसतोडीला न्यायला आलेला ट्रॅक्टर दारात घरघरत होता आणि ऋतुजा मोठमोठ्यानं पाठ करत होती. इंग्रजीतलं एकच क्रियापद, टेक. परीक्षा द्यायची तरी टेक, फोटो काढायचा तरी टेक, गोळी घ्यायची तरी टेक. सरांनी प्रत्येक अर्थाचं एक वाक्य करून आणायला सांगितलं होतं. 'दुसऱ्याची जागा घेणं' या अर्थाचं वाक्य काही केल्या सुचेना. सुचणार कसं? तिचं सगळं ध्यान बापाच्या हाताकडं. आईबापाचे दोन्ही कोयते सकाळीच ट्रॉलीत गेले होते, तरी बिभीषण उंबऱ्यावर बसून तिसऱ्या कोयत्याची मूठ तासत होता.

"ऋते, धर बरं. बसती का बघ."

तिनं धरला. मूठ बारीक होती, हातात चपखल बसली.

"बसली, आबा."

बापानं वर पाहिलंच नाही. ऋतुजानं पुस्तक मिटलं आणि दोरीवरचे आपले कपडे काढायला लागली.

तेवढ्यात आजी, भिवराबाई, पदर खोचून बाहेर आली. तिनं ऊसतोड सोडून वर्षं लोटली होती. तिनं कोयता उचलला, मूठ आवळून पाहिली.

"कापडं कावून काढायलीस गं? वाळून वाळून माझा हात तुझ्याएवढाच राह्यलाय, म्हणून तुला धराय लावलं. तू चुलतीकडं राह्य आन् वाच."

आजी ट्रॉलीत चढली. ऋतुजाला वाक्य सुचलं. तिनं पुस्तक उघडून कोपऱ्यात लिहिलं, 'माय ग्रँडमदर टुक माय प्लेस.'