तीन नंबरची दाद

संगीत नाटकातल्या नारदाचा ढग दोरांनी वर ओढणाऱ्या चारही विंच बोलक्या होत्या, सांगितलेलं ऐकतही. पण तीन नंबरची कायम बोटभर मागे राही. म्हणून प्रयोगाच्या सकाळी विंच सांभाळणाऱ्या रत्नप्रभाने ढगात, नारद करणाऱ्या अण्णाबुवांच्या वजनाइतक्या वाळूच्या पिशव्या ठेवल्या आणि चौघींची मापं नव्याने जुळवायला घेतली. ढग जरा कलला की ती ओरडे, "वन्स मोअर!" मग विंच तो खाली आणत आणि पुन्हा उचलत. विसाव्या खेपेला चौघी एका सुरात म्हणाल्या, "बरोबर!"

संध्याकाळी सत्तरीचे बुवा पद गात गात वर गेले. शेवटची तान संपली आणि नाट्यगृह गरजलं, "वन्स मोअर!"

ढग खाली यायला लागला.

रत्नप्रभाच्या लक्षात आलं, सकाळचा शब्द विंचच्या आठवणीतून पुसायचाच राहिला होता! तिने विंच थांबवायच्या लाल बटणावर अंगठा ठेवला, पण ते दाबलं तर बुवा अधांतरी लटकणार. तिने आकडे पाहिले. चारही दोर केसभरसुद्धा पुढेमागे नव्हते. ढग अलगद टेकला. बुवांनी विंगेत उभ्या रत्नप्रभाकडे पाहून भुवई उडवली आणि तेच पद आळवत ते पुन्हा वर निघाले.

या खेपेला तान अशी लागली, की टाळ्या वाजवायचंही कुणाला सुचेना. "सुटले बाई!" म्हणत रत्नप्रभाने अंगठा उचलला.

तेवढ्यात छताजवळून, सगळ्यांच्या मागून, तीन नंबरचा बारीक आवाज आला, "वन्स मोअर!"